हमीदाखालाची तालीम

हमीदाखाला आपल्याच घरातल्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर मुद्दाम चहा सांडायची. सांडून झाला की खुर्चीत ताठ बसून ओरडायची, "यल्ला! यल्ला!" म्हणजे चल, आटप. समोरची बाई घाबरून फडकं घेऊन धावली की खाला कपाळाला हात लावायची. "अगं, मान कशाला खाली घालतेस? चोरी केली का तू?"

धुळ्यात माझं एसटीडीचं दुकान होतं आणि समोरच खालाचं घर. नवरा गेल्यावर ती कुवेतला बरीच वर्षं घरकाम करून आली होती. तेव्हापासून आखातात कामाला निघालेली बाई आधी खालाकडे तालमीला यायची. फी काही नव्हती, बोलणी खायची तयारी लागायची. खाला कधी मालकीण व्हायची, कधी तिची खाष्ट सासू. एकदा तर हट्टी पोर होऊन जमिनीवर लोळली. तिकडून आणलेलं केर ओढायचं मशीन केव्हाच बंद पडलं होतं. तरी ते फिरवायला लावायची आणि त्याचा आवाज स्वतः तोंडाने काढायची. तिला ठसका लागला की केर काढणं थांबायचं.

साक्रीकडची वत्सला ही तिची सगळ्यात कच्ची शिष्या. नवरा वारलेला, लहान मुलगी आईजवळ ठेवून मस्कतला निघालेली. इस्त्री करताना बाही करपली की रडायला लागायची. "माले नही जमस, खाला."

"रडून घे इथंच. तिकडे डोळे पुसायला कोणी नाही."

एक गोष्ट मात्र खालाने तिच्याकडून घोकून घेतली, माझ्या दुकानाचा नंबर. भाजीबाजारात मागून येऊन ती एकदम "नंबर!" म्हणून ओरडायची आणि वत्सला हातातली मेथी टाकून आकडे म्हणायची. "पासपोर्ट ते ठेवून घेतील," खाला मला सांगायची, "डोक्यातलं कसं घेतील?"

वत्सला गेली. पोचल्याचा फोन काही येईना. आठवडे गेले. खाला रोज येऊन माझ्या दुकानातल्या बाकावर बसू लागली. गिऱ्हाइकांना दटावायची, "लवकर बोला, लाइन मोकळी ठेवा." एका जावयाचं सासूशी चाललेलं भांडण तिने मध्येच मिटवून टाकलं. तालीम बंद पडली. नवीन बायका आल्या तर म्हणायची, "मला काही येत नाही. मी एक पोरगी कच्चीच पाठवली."

एका बाजारच्या दिवशी वत्सलाची आई नातीला घेऊन आली. तिने विचारायच्या आत खालाने फोन आल्याची थाप मारली, "फोन उंथा ना! मजामां शे ती." म्हातारी हसत गेली. खाला माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उतरला होता.

"भाऊ, आता तो फोन आलाच पाहिजे."

तो आला, एका दुपारी. मी आवाज ओळखला आणि रिसीव्हर खालाच्या हातात दिला. वत्सला इतकी मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू येत होतं. मालकिणीने फोनला कुलूप घातलं होतं. आज मालकिणीची बहीण आली होती, तिने लावू दिला.

"जेवण मिळस का?" खालाने विचारलं.

"पोटभर मिळस."

"मारत नही ना?"

"नही, खाला. नुसती वरडस."

मग खालाने तालमीत कधीच न विचारलेलं विचारलं. "झोपस त्या खोलीले आतून कडी शे का?"

"शे, खाला. मी रोज लावस."

खालाने रिसीव्हर ठेवला. बराच वेळ हात त्याच्यावरच होता.

"माझ्या खोलीला नव्हती, भाऊ," ती म्हणाली. "दाराला पेटी लावून झोपायची मी. फोन करावा तर कोणाला? घरी कोण होतं माझं?"

मी चहा सांगितला. तो येईपर्यंत खाला भिंतीला डोकं टेकून बाकावरच गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून, चक्क घोरत. मी गिऱ्हाइकांना हळू बोलायला सांगितलं.