मावशीची पाच मिनिटं आणि व्लीचा धबधबा

हे कुणाला पटायचं नाही. मला स्वतःलाही सांगताना लाज वाटते. पण टोगोच्या सरहद्दीकडच्या आमच्या क्पांदो गावच्या मोटारस्टँडवर सेनानू ड्रायव्हरचं नाव काढून बघा, चहाचे कप खाली ठेवून माणसं हसत सुटतात.

तुवा म्हणजे आमच्या शाळेत वर्षभरासाठी आलेली फिनलंडची पोर, वय सोळा. सोमवारी तिचं विमान होतं आणि व्लीचा धबधबा अजून बघायचा राहिलाच होता. दर खेपेला सहल ठरायची आणि मोडायची. पाठवणाऱ्या संस्थेचा नियम कडक: घरचं मोठं माणूस सोबत हवं आणि अंधाराआधी परत यायचं. शेवटी शनिवारी सकाळी यायरामावशी, जिच्याकडे तुवा राहायची, स्वतःच निघाली. सेनानूच्या खटारा गाडीत पुढे ऐसपैस बसली. लाल-काळं नेसून.

शनिवारी लाल-काळं नेसून धबधबा बघायला कोण जातं? लाल-काळं म्हणजे आमच्याकडे मयताचं नेसणं, आणि मयतंही शनिवारचीच.

"वाटेत जरा थांबव हं," मावशी म्हणाली. "माझ्या सासूच्या चुलतभावाचं मयत आहे. दफन सकाळीच झालंय. तोंड दाखवते नि येते. पाच मिनिटं."

"मावशी, मयताला गेलेल्या माणसाला पाच मिनिटांत कुणी सोडलंय का?"

"तू गाडी चालव."

मांडव इथून तिथपर्यंत. रीतीप्रमाणे उजव्या टोकापासून एकेकाशी हात मिळवायला सुरुवात केली, तर डाव्या टोकाला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मग अक्पले, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि भेंडीचं कालवण आलं. नको म्हणायची सोय नाही. मग बँडवाले उभे राहिले. तुवानं सूर्याकडे पाहिलं, आणि तिला रडूच कोसळलं.

"अगं बाई, बघा!" मागून एक बाई ओरडली. "परकी पोर आमच्या आजोबांसाठी ऊर फोडून रडतेय, आणि हे सख्खे पुतणे बघा, थंड बाटल्या फोडून बसलेत!"

पुतण्यांनी बाटल्या खुर्च्यांखाली सारल्या आणि लगोलग गळा काढला. पैसे देऊन आणलेल्या रडणाऱ्या बायका तर धंदा बुडाल्यासारख्या बघत राहिल्या. तुवाला उचलून पहिल्या रांगेत, थेट विधवा अकूवी आजीच्या शेजारी बसवलं. डोक्याला लाल फडकं बांधलं. एवढ्या जवळच्या माणसानं उद्याच्या चर्चमधल्या प्रार्थनेआधी उठून जायचं म्हणजे काय! हे कळल्यावर ती आणखी रडली. कुणीतरी तिच्यापुढे माइक धरला. तिचे हुंदके पलीकडच्या टोगो देशात ऐकू गेले म्हणतात.

"सेनानू, कर रे बाबा काहीतरी," मावशी कुजबुजली. "पोर सहलीसाठी रडतेय हे कळलं तर मला सासरचं दार बंद!"

सेनानूनं माइक घेतला, घसा खाकरला.

"मंडळी, ही का रडतेय ते सांगतो. गेल्या बाजाराच्या दिवशी आजोबांनी हिला जवळ बोलावलं आणि स्वतःच्या तोंडानं वचन दिलं, 'पोरी, तू जायच्या आत तुला व्लीचा धबधबा दाखवीन.' आजोबा गेले. वचन तेवढं राहिलं."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी खोकलं. तेवढ्यात अकूवी आजी काठी टेकत उठली.

"वचन ते वचन. चला, उठा सगळे."

मग काय! मांडव रिकामा झाला. गाड्यांच्या टपांवर ढोल, खुर्च्या, कालवणाची पातेली. पुढे पायी रानातल्या लाकडी साकवांवरून बँड वाजत निघाला, शोकाची चाल दुसऱ्याच साकवावर नाचाची झाली. कड्यावरची हजारो वटवाघळं तालात उडाली. आता हे नाही पटत तर सोडून द्या. तुवा मात्र धबधब्याखाली उभी राहून एकाच वेळी हसत होती नि रडत होती, आणि या खेपेला तिला कुणीही कारण विचारलं नाही.

घोटाभर पाण्यात उभ्या अकूवी आजीनं सेनानूला खुणेनं बोलावलं.

"काय रे, ह्यांनी स्वतःच्या तोंडानं वचन दिलं?"

"या कानांनी ऐकलं, आजी."

"माझा नवरा जन्माचा मुका होता."

"मग... मांडवात कुणी काही बोललं कसं नाही?"

"सगळा जन्म या पाण्याच्या शेजारी गेला आमचा. आणलं का कधी कुणी?" आजीनं काठी त्याच्या हातात दिली आणि लुगडं वर खोचलं. "अंधार पडायला वेळ आहे अजून. धर हात. मला पार धारेखाली जायचंय."