न आवरलेल्या मुठीची हकीकत

श्रीगुरवे नमः. ज्या भूमीवर अनवाणी उभे राहून विद्या घेतली तीस मस्तक लावून, शके १९३५ विजयनाम संवत्सरीं नदीकाठच्या एका राज्यांत जे वर्तमान जाले ते यथास्थित लिहितों. राज्य म्हणजे तालुक्याच्या गावीं कापसाच्या वखारीवरील एक दालन, आणि प्रजा म्हणजे पांढरा पोशाख ल्यालेलीं पोरे, आणि गादीवर भुजंगराव इंगवले सर, ज्यांनी कराटे ही रिकाम्या हातांची विद्या तरुणपणीं परमुलखांतून कष्टें संपादिली. त्यांची शिस्त मोठी करडी. काता, म्हणजे समोर शत्रू नसतां तो आहे ऐसे मानून करावयाची ठरीव पावले आणि ठरीव प्रहार, वर्षानुवर्षें घोटवून घेत, आणि मग पोरांस समोरासमोर उभे करून सांगत, "मूठ गेली की समोरच्याची पापणी लवली पाहिजे, पण अंगास हात लागता कामा नये. लागला, तर तुला काहीच येत नाही." या राज्याची पट्टशिष्या कुंदाबाई शेलार. लहानपणीं फ्रॉकवर आली ती काळा पट्टा मिळवून सरांची उजवी बाजू होऊन राहिली, आणि सर तीस लेकीप्रमाणे मानीत.

मग काळ फिरला, आणि शहरोशहरीं गुणांचे सामने भरूं लागले, आणि पदके घेऊन आलेल्या पोरांचे फोटो चौकांत लागले, आणि पालक आपली पोरे शहरांतल्या क्लासांस नेऊं लागले, तेव्हां दालन ओस पडूं लागले. कुंदाबाईंनी बहुत विचार केला. त्यांच्या ध्यानांत आले की सामन्यांत जी पोर जिंकते ती जे पाऊल चोरून पुढे टाकते, ते आपल्याच कात्यांतले. मग एके संध्याकाळीं वर्ग सुटल्यावर हात जोडून बोलिल्या, "सर, हेच पाऊल मुलांना सामन्यासाठी शिकवूया. काता सोडायचा नाही. दोन्ही जोडायचं." सर पट्टा सोडीत होते, त्यांनी वर पाहिले नाही. "कुंदा, विद्या काय बाजारात मांडायची? टुणटुण उड्या मारायच्या आणि गुण मोजायचे, ह्याला मी कराटे म्हणत नाही." बाई म्हणाल्या, "सर, मुलंच उरली नाहीत तर शिकवणार कुणाला?" तेव्हां सरांच्या तोंडून निघून गेले, "तुला पदकं हवीत. जा, मिळव." बाईंच्या डोळ्यांस पाणी आले, ते त्यांस दिसूं न देतां जिना उतरल्या, आणि पुन्हा चढल्या नाहीत.

बाईंनी बाजारपेठेमागें नवे राज्य मांडिले. मनांत राग होता, म्हणून जें जें सरांचे तें तें टाकिले. काता टाकिला, मूठ आवरण्याचा पाठ टाकिला, आणि वेग, दम, आणि गुण एवढेच ठेविले. पोरे जिंकूं लागली. त्यांत शर्वरी तांबट म्हणून भांडी ठोकणाराची लेक ऐसी तेज निघाली की पंचांची नजर तिच्या हाताच्या मागें पडे. बाईंचा जीव तिच्यांत गुंतला. राज्यस्तरीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यास शर्वरी एका गुणाने मागें, वेळ संपत आलेली, आणि बाई सामन्याच्या गादीकडेला उभ्या राहून ओरडल्या, "शर्वरी, मार! थांबू नको!" पोरीने मारिले. समोरची मुलगी त्याच क्षणीं आंत आली होती, आणि मूठ थांबली नाही, कारण थांबणे शर्वरीस कुणीं शिकविलेंच नव्हते. मुलगी आडवी पडली, गादीवर रक्त सांडले, आणि पंचांनी शर्वरीस अपात्र ठरविले. शर्वरी हात पुढे धरून तशीच उभी, आणि म्हणे, "मॅडम, मी नाही, मॅडम, तो हातच गेला." समोरच्या मुलीचा जबडा मोडला होता. शस्त्रक्रिया होऊन ती बरी जाली, परंतु एका बाजूने हसतां ओठ वाकडा राही.

बाईंस अन्न गोड लागेना. शेवटीं जाऊन वखारीचा जिना चढल्या. सर एकटेच खिडकीपाशीं बसले होते, आणि दालनांत दोन-चारच पोरे उरलेली. बाई उंबऱ्यावरच बसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्यावरचा राग मी पोरांवर काढला. तुमचं नको म्हणून त्यांना आवरणं शिकवलं नाही." सर म्हणाले, "त्या संध्याकाळी तू बरोबर सांगत होतीस. मला ते तेव्हाच पटलं होतं. पण शिष्याने सांगितलेलं मानायचं कसं, एवढ्यावर मी अडलो." आणि मग उठून पांढरा पोशाख घातला, आणि कुंदाबाईंच्या राज्यांत स्वतः गेले, आणि गुरुशिष्यांनी मिळून पोरांस कात्यांतले पाऊल सामन्यांत, आणि सामन्यांतला वेग कात्यांत उतरवून दाखविला, आणि पोरांच्या मुठी पापणीपाशीं थांबूं लागल्या.

परंतु शर्वरी आली नाही. बाई तांबटांच्या घरीं गेल्या, तों पोर ओट्यावर बापाशेजारीं बसून पितळी तांब्या घाशीत होती. बाई म्हणाल्या, "शर्वरी, चल ना ग. आता सरही शिकवतात. चूक माझी होती, तुझी नव्हती." शर्वरी म्हणाली, "मला माहितीये, मॅडम. पण मूठ वळली की तिचं तोंड दिसतं." बाप हळूच म्हणाला, "नका बोलावू बाई. झोपेत स्वतःचाच हात धरून बसते ती." बाईंनी तिच्या मस्तकावरून हात फिरविला, आणि तशाच माघारीं आल्या.

एवंच, दोन राज्ये एक जाली, पोरे निर्भय आणि मूठ आवरणारीं जाली, आणि पदकेही आलीं. सर आणि कुंदाबाई दोघेही लोकांस सांगत की जोडणे अवघड नव्हते, एका संध्याकाळचे बोलणे होते. ते बोलणे वेळेवर जाले असते तर एक पोर खेळांत राहिली असती, आणि दुसरी सरळ हसली असती. लेखनसीमा.