सायरबाई आणि कासवांचा दुसरा भाग

“मुलांना खुर्च्यांवर बसवीन आणि आल्या पावली परत येईन! मला काय तिथे मुक्काम ठोकायचा आहे?”

सायरबाईंनी भर अंगणात हे जाहीर केले, तेव्हा घरातल्या कोणीही शंका घेतली नाही. त्यांच्या शब्दावर शंका घेण्याची पद्धतच त्या घरात नव्हती!

ते जळगाव आता राहिले नाही. हिवाळ्यात सरकी काढण्याच्या जिनांमधला कापूस हवेत तरंगत तरंगत थेट दुधाच्या पातेल्यात उतरे, टांगेवाले घोड्यांशी घरच्यासारखे बोलत, आणि माणकचंद यांच्या गल्लीत घड्याळ कोणी पाहत नसे. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीही नाही, हा तिथल्या जैन घरांचा कडक नेम. अंगणातले ऊन समोरच्या भिंतीवर चढत तुळईला टेकले की माणकचंदांच्या आई, म्हणजे सायरबाई, ओसरीवरून हाक देत, “चला, पाटावर!” त्या हाकेवर शेजारची घरेसुद्धा जेवत. इतक्या वर्षांत ती हाक चुकली नव्हती, आणि या गोष्टीचा सायरबाईंना जितका अभिमान होता, तितका तिजोरीचाही नव्हता.

त्या रविवारी मोठी नात धनकुंवर हिला पाहायला धुळ्याची मंडळी यायची होती. घराणे तोलामोलाचे, मुलगा प्रकाशचंद गुणी. अडचण एकच, त्याची आजी लाडकुंवर! बाई फार करारी, अशी तिची कीर्ती पारोळा, एरंडोल ओलांडून जळगावात आधीच येऊन बसली होती. “येईन तर याच रविवारी,” असा तिचा निरोप होता. तेव्हा पाहुण्यांना दिवस असताना पोटभर जेवू घालणे आणि घराची शिस्त दाखवणे, यावर धनकुंवरचे लग्न अवलंबून होते.

शिस्तीत विघ्न म्हणजे सहा धाकटी नातवंडे. मागच्या पाहुण्यांच्या पगडीत त्यांनी मांजरीचे पिल्लू झोपवले होते! म्हणून त्यांना दुपारच्या खेळाला नेऊन बसवण्याची योजना सायरबाईंनी आखली. सिनेमा कासवांचा होता, रंगीत चित्रांतून हलणारा, परदेशी पण हिंदी बोलणारा, आणि तोही दुसरा भाग. पहिला भाग सायरबाईंनी घोरून काढला होता.

“कासवे बोलतात, कासवे गातात! आणि आता म्हणे पुढचा भाग! कालची खिचडी पुन्हा चुलीवर! आम्ही शिळे खात नाही,” असा त्यांचा निकाल होता.

थिएटरात बायकांच्या बाजूला दारावर तानुबाई असे. ती म्हणाली, “अक्का, घडीभर टेका ना! पोऱ्या बसतस तवलोंग.”

“मुले बसेपर्यंतच हं!” असे म्हणून सायरबाई टेकल्या.

पडद्यावर तळे आटू लागले. कासवांचे कुटुंब नव्या तळ्याच्या शोधात निघाले. सर्वांच्या पुढे होती आजी कासवीण, मान ताठ, चाल ठाम, आणि रस्ता साफ चुकलेला! सून भीत भीत म्हणाली, “माँजी, नदी उलट्या बाजूला आहे.” आजी गरजली, “नदी चुकली असेल, मी नाही!”

उठण्यासाठी सायरबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला होता. तो तिथेच राहिला.

“बरोबर बोलली,” त्या पुटपुटल्या.

“काय बरोबर?” शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. तिथे एक भरभक्कम बाई नाकापर्यंत पदर ओढून बसली होती. “अहो, सगळ्या घरादाराला उन्हात तळतेय ती!”

“मोठ्या माणसाने एकदा दिशा ठरवली की मागच्यांनी चालावे!”

“आणि मेली पिल्ले तर?”

“मरत नाहीत! आजी आहे ना पुढे!”

दोघी आजी कासविणीच्या कैफियतीवर अशा भांडल्या की मागून कोणीतरी “शू!” केले. दोघींनी एकदम मागे वळून असे पाहिले की पुन्हा त्या रांगेतून श्वासाचाही आवाज आला नाही. त्यानंतर मैत्री झाली. शेंगदाण्यांची पुडी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर गेली.

“तुमच्या गावाची चैन आहे, बाई,” ती शेजारीण म्हणाली. “आमच्या धुळ्यात पहिला भाग आला, दुसरा येईचना! शेवटी नातवासाठी मुलगी पाहायची आहे असं काढलं आणि हाच रविवार धरला. घरी सांगितलं, मी आधी साधूंच्या स्थानकात जाऊन प्रवचन ऐकते, तुम्ही व्हा पुढे!”

सायरबाईंच्या घशात शेंगदाणा अडकला.

“कोणाकडे... पाहायची आहे मुलगी?”

“माणकचंदांकडे. मुलगी गुणाची आहे म्हणतात. पण तिची दादी! बाई नव्हे, फौजदार! आपलं चुकलं असं जन्मात कधी म्हणाली नाही म्हणे. छाती धडधडतेय हो माझी. त्या बाईसमोर सिनेमाचं नाव निघालं तर सोयरीक मोडेल!”

सायरबाईंनी आपलाही पदर नाकापर्यंत ओढला. आता उठावे, तर हिची नजर पडेल. बसावे, तर घरी पाहुणे! पण मग त्यांच्या मनात लख्ख प्रकाश पडला. मुख्य पाहुणी तर इथेच बसली आहे! ती उठेपर्यंत घरी पंगत बसणारच नाही. म्हणजे घाई कसली? आणि त्या निश्चिंतपणे पुढे पाहू लागल्या. तिकडे लाडकुंवरबाई मनात म्हणत होत्या, ही बाई इथलीच, हिला वेळ कळत असणार, ही उठली की उठू!

अशा रीतीने जळगाव धुळ्यावर विसंबले आणि धुळे जळगावावर.

तोवर धाकटे पिल्लू वाळूत अडकले, आजी मागे वळली, आणि सायरबाईंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. पहिल्या भागात हे कुठे होते? इतके जीव लावणारे काही हे लोक दडवून का ठेवतात? पडद्यावर आजी पिल्लाला पाठीवर घेऊन थांबली. सगळे कुटुंब तिच्याकडे पाहू लागले. ती तोंड उघडणार, इतक्यात रीळ तुटले!

दारावरचा पडदा सरकला. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते.

थिएटरात ना अंगण, ना भिंत, ना तुळई! सायरबाई किंचाळल्या, “अहो, सूर्य!”

“गेला?” लाडकुंवरबाई ओरडल्या.

दोघी दोन टांग्यांतून सुटल्या. सायरबाईंचा टांगा बोळातून शिरला, त्यामुळे मागच्या दाराने येऊन, तोंड पुसून, ओसरीवर जपमाळ हाती घेऊन बसायला त्यांना कसाबसा वेळ मिळाला. चौदा पदार्थांची पाने मांडलेली होती. लाडकुंवरबाईंचे चिरंजीव दलिचंद आणि नातू प्रकाशचंद त्यांची वाट पाहत तसेच उपाशी बसले होते. सूर्य मावळला, आता कोणी घोटभर पाणीही घेणार नव्हते!

माणकचंद आईच्या कानाशी कुजबुजले, “बाई, मी पाहुण्यांना सांगितलंय, तुम्ही स्थानकात गेला होतात.”

तेवढ्यात समोरच्या दारातून लाडकुंवरबाई आल्या. पदर वर झाला. चार डोळ्यांची गाठ पडली. लाडकुंवरबाईंच्या अनवाणी टाचेला शेंगदाण्याचे एक फोलपट चिकटले होते. सायरबाईंच्या पदरावर दुसरे.

दलिचंद आनंदाने म्हणाले, “तुम्ही दोघी स्थानकातच होतात! मग भेट झालीच असेल?”

“शेजारीच बसलो होतो,” सायरबाई म्हणाल्या.

“प्रवचन कसं होतं?”

“उत्तम,” लाडकुंवरबाईंनी डोळे मिटले. “मागच्यापेक्षा फारच सरस.”

“विषय काय होता?”

“वडीलधाऱ्यांची दिशा,” सायरबाई म्हणाल्या.

“आणि हट्ट,” लाडकुंवरबाईंनी पुस्ती जोडली.

दलिचंद भक्तिभावाने हात जोडणार, एवढ्यात दार धडाडले. दारात तानुबाई आणि तिच्यामागे मुलांची रांग!

“अक्का, तुमना बठ्ठा पोऱ्या तठेच सोडी उनात ना! पिच्चर सरना, पण तुम्ही दोन्हीजणी कोठे पळनात?” तिने लाडकुंवरबाईंसमोर चपलांचा जोड ठेवला. “या तुमन्या, माय. खुर्चीखाले ऱ्हाइ गयथ्यात.”

घरात अशी शांतता पसरली की पानातला पापड मऊ पडलेला ऐकू यावा. माणकचंद जमिनीकडे पाहू लागले. दाराआडून धनकुंवरचा हुंदका आला. सहा पोरे विसरणाऱ्या आजीच्या घरात कोण सोयरीक करणार? सायरबाईंची मान इतक्या वर्षांत प्रथमच खाली गेली.

आणि लाडकुंवरबाई हसू लागल्या! प्रथम पदरात, मग मोकळ्याने, मग भिंतीला टेकून!

“दलिचंद, मुलगी बोलाव. तिच्या कपाळी कुंकू मी लावते! इतकी वर्षं कोणाशी असं भांडायला मिळालं नव्हतं रे! ही बाई मला विहीण म्हणून पाहिजे!”

धनकुंवर आली, कुंकू लागले, नारळ ओटीत पडला. पाहुणे उपाशी पोटी तृप्त झाले. मग लाडकुंवरबाईंनी सर्वांत धाकट्या नातीला, बदामला, मांडीवर ओढले.

“आता सांग ग. ती आजी शेवटी काय बोलली?”

बदाम उभी राहिली आणि सगळ्या सभेपुढे ठणठणीत आवाजात म्हणाली, “ती म्हणाली, ‘रस्ता मी चुकवला, मला क्षमा करा!’”

सगळे घर हळूहळू सायरबाईंकडे वळले. पाहुणे वळले, सून वळली, तानुबाईसुद्धा वळली.

सायरबाईंनी पदर सारखा केला, मान पूर्ववत ताठ केली आणि म्हणाल्या, “असं म्हणाली? तरीच! इतका चांगला सिनेमा, शेवटी बिघडवलाच!”