फिकं डाळिंब

छापलेल्या कागदाच्या कडेचा तपासणीचा लाल चौकोन जेमतेम सहा मिलिमीटरचा होता, आणि झेबोच्या हिशेबाने तो आठ अंकांनी फिका होता. तिने रंगमापक पुन्हा टेकवला. लाल-हिरव्या आणि पिवळ्या-निळ्या दिशेचे आकडे घेतले, त्यांच्या वर्गांची बेरीज केली, वर्गमूळ काढलं. रंगाची संपृक्तता पंचाहत्तर. हवी होती त्र्याऐंशी.

"आका, लाल कमी आहे."

तुर्दी आका उझबेकिस्तानातल्या कोकंद शहरातल्या त्या छापखान्यात एकतीस वर्षं नजरेनं शाई जुळवत आले होते. "पोरी, डाळिंब आहे हे. हवं तर चाखून बघ."

बारा वाजता डाळिंबरसाच्या खोक्यांचं गिऱ्हाईक येणार होतं. मालकीण मवलुदा आपा वैतागल्या. "रोजचा वाद आज मिटू दे. यंत्र चुकलं तर ते कपाटात आणि झेबो पुन्हा खोकी बांधायला. तोवर शाई वाढवा!"

शाई वाढवली. कागद एकमेकांना चिकटले, आपांच्या बाह्या लाल झाल्या, आकडा सत्त्याहत्तरवर अडला.

"अख्खा डबा उपडा करू?" आकांनी गोड आवाजात विचारलं. मग ते बाजारात जाऊन खरंच एक डाळिंब घेऊन आले आणि सालीचा तुकडा झेबोपुढे ठेवला. तिने मोजला. तोही अपेक्षेपेक्षा फिका.

"बघा आपा!" आका हसत सुटले. "खुदाला निरोप धाडा, शाई वाढव म्हणावं!"

झेबोने कोरा कागद मोजला. तो निळसर निघाला. त्यावर तर काहीच छापलं नव्हतं! मग तिने ती छोटी पांढरी फरशी उचलली, जी दाखवून रोज सकाळी यंत्राला 'पांढरं म्हणजे हे' असं शिकवायचं असतं. फरशीवर पिवळट वर्तुळं होती, एकात एक अडकलेली.

"आका, माझा चहा तुम्ही कशावर ठेवता?"

"त्या पांढऱ्या बशीवर. कागद भिजू नयेत म्हणून."

तिथली रीतच होती: मानाच्या माणसाचा चहाचा पियाला अर्धाच भरायचा आणि पुन्हा पुन्हा भरायचा; काठोकाठ भरला तर तो अपमान. आका झेबोला फार मान देत. दिवसातून सात-आठ वेळा.

"काठोकाठ भरून माझा अपमान केला असतात तरी चाललं असतं हो!" झेबो म्हणाली.

फरशी धुतली, यंत्र नव्याने जुळवलं. सकाळचा पहिलाच कागद मोजला. त्र्याऐंशी.

"म्हणजे आकांचीच नजर खरी," आपा म्हणाल्या. झेबो यंत्र पेटीत ठेवू लागली.

"राहू दे ते बाहेर." आकांचं हसू मावळलं होतं. "कसली नजर, आपा! दोन वर्षं झाली, मला लाल आणि तपकिरी सारखंच दिसतंय. हिच्या वहीत कुठली शाई किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. ही जेवायला गेली की बघून घेतो."

"आणि डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दिली होती ती?" आपांनी विचारलं.

"तीनदा दिली. तीनदा पाहुणे आले."

"पाहुणे?"

आकांनी शाईचे हात फडक्याला पुसले. फार वेळ पुसले.

"मंगळवारी ऑपरेशन करून घेतो," ते म्हणाले.