नात्याचा रकाना

नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात आलेल्या फाईलवर हाल्वारचं नाव दिसताच आस्लाकनं ती न उघडताच खाली ठेवली. हाल्वार त्याचा सख्खा भाऊ. आणि नातेवाइकाचा अर्ज नगरपालिकेतल्या माणसानं वाचायचासुद्धा नाही, हा दंडक आस्लाकनं सव्वीस वर्षं कसोशीनं पाळला होता. त्यातून दोघांत सहा वर्षं अबोला. आई गेल्यावर तिचा वॉफल भाजायचा लोखंडी साचा हाल्वारनं परस्पर नेला, तेवढ्यावरून.

त्यानं फाईल शेजारच्या टेबलावरच्या गुनवोरकडे सरकवली.

"मी त्यांची मेहुणी. भाऊजींच्या कागदाला कशी हात लावू?"

दुसरा सहकारी इंगेब्रिग्त हाल्वारचा व्याही निघाला. उरला उत्तरेकडून आलेला नवा इंजिनिअर, यॉस्टाइन. आस्लाकचा चेहरा खुलला. "तुझं इथे कुणी नाही ना रे?"

यॉस्टाइन कानांपर्यंत लाल झाला. "वीस तारखेला होईल. हाल्वारची मुलगी मारीट... आमचं लग्न त्यांच्या होडीघरातच आहे, म्हणून तर हा अर्ज—"

"पुढे बोलू नकोस! अर्जात काय आहे ते मला कळता कामा नये!"

पण लग्नाचं आस्लाक आज पहिल्यांदाच ऐकत होता. मारीटला होडी वल्हवायला त्यानंच शिकवलं होतं. तिचं लग्न गावाला ठाऊक आणि सख्ख्या काकाला नाही! त्याला फार वाईट वाटलं.

इथे बिननात्याचा कुणी उरला नव्हता, म्हणून आता फाईल शेजारच्या गावच्या नगरपालिकेत जाणार. तिथे महिनोन्‌महिने लागतात, तोवर लग्न उरकलेलं असणार. शिवाय सोबतच्या कागदावर कारण लिहायचं होतं: नातं की वैर?

"वैर लिहा," गुनवोर म्हणाली. "गावभर गाजतंय."

आस्लाकचं पेन बराच वेळ अडलं. मग त्यानं लिहिलं, 'अर्जदार माझा भाऊ आहे.' नियमाप्रमाणे एक प्रत अर्जदाराला गेली.

दुसऱ्या दिवशी हाल्वार हजर. बगलेत आईचा साचा. "शेवटी भाऊ म्हणालास! तेही सरकारी शिक्क्यानिशी!"

"अर्जदाराकडून काही घेता येत नाही मला," आस्लाक म्हणाला, पण साचा त्यानं दोन्ही हातांत घेतला होता.

"गप रे. आईचा आहे तो. आधी परवानगीचं बोल. होडीघर गळतंय, पाच फुटकी कौलं बदलायची आहेत."

"नुसती कौलं?" आस्लाक ओरडला. "अरे शहाण्या, त्याला परवानगी लागतच नाही!"

"मग सांगितलं का नाही कुणी?"

"अर्ज वाचायला माणूस होता कुठे? सगळे तुझेच नातेवाईक!"

हाल्वार खो खो हसत सुटला. "मग शनिवारी शिडी धरायला ये," तो म्हणाला. "तिथे नातेवाईक चालतो."