रिसालदारअप्पांचा अल्बानिया

नवी नवरी म्हणून मी मैलूरला आले, तेव्हा उंबऱ्यावरचं माप मी डाव्या पायानं लवंडलं. उजवा पाय उचललाच होता, तेवढ्यात शेजारच्या कट्ट्यावरून तोफ उडावी तसा आवाज आला, "लेफ्ट! लेफ्ट फूट फस्ट!" मी दचकून पाय बदलला आणि तांदूळ पार माजघरापर्यंत उडाले. सासूबाई मटकन खाली बसल्या. कट्ट्यावरचा मिशाळ माणूस मात्र खूश. "शाबास! पोरगी तयारीची हाय," म्हणाला.

हे आमचे शेजारी, रिसालदार शरणप्पा. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. हैदराबाद सरकारच्या घोडदळातून निवृत्त होऊन ते गावी आले ते फक्त शरीरानं. मन तिकडंच, घोड्यावर. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. हुकूम सोडायला घरात कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी गल्लीच ताब्यात घेतली. सकाळी धुतलेला कोट घालून, छडी काखेत धरून ते तपासणीला निघत. सासूबाईंनी अंगणात बाजेवर पापड घातले, तर त्यांच्याही रांगा सरळ करत.

"अक्का, तिसऱ्या रांगेतला एक गडी वाकडा उभारलाय."

"शरणप्पा, पापड हायत त्ये! पलटण न्हाई."

"पलटणीतबी असंच व्हायचं. एक वाकडा झाला की समदे वाकडे," म्हणून अप्पा तो पापड काढून घेत आणि भाजून खात. शिस्तभंगाची शिक्षा.

पण अप्पांचं खरं वेड म्हणजे अल्बानिया. कुठलाही विषय काढा, तो तिथं जायचा. आमटी खारट झाली, "अल्बानियात असं चालत न्हाई." जावयानं सासऱ्याला उलट उत्तर दिलं, "अल्बानियात गोळी घातली असती." सासूबाईंना वर्षानुवर्षं वाटत होतं की ते औरादच्या पलीकडचं एखादं गाव असणार, आणि तिथली माणसं फार कडक.

हकिकत अशी. पहिल्या महायुद्धात अप्पा मिसरच्या वाळवंटात गेले होते. तिथं ते जखमी झाले. ते सांगत, "लढाईत." त्यांच्याबरोबरचे सांगत, उंटावरून पडून. काही का असेना, पाय मोडून ते दवाखान्यात पडले आणि शेजारच्या खाटेवर कैद झालेला एक तुर्की फौजेतला कप्तान होता. तुर्की फौजेतला, पण तुर्क नव्हे. अल्बानियाचा.

"त्याची भाषा तुम्हाला कळायची, अप्पा?" मी एकदा विचारलं.

"निम्मी. फौज कळली, सुलतान कळला, वतन कळलं. बाकीचं माणसाच्या तोंडाकडं बघून कळतंय की."

त्या कप्तानानं म्हणे सुलतानाची चाकरी इमानानं केली. पण त्याच्या मुलखात त्याच्याच बोलीत शाळा काढायला मनाई होती. म्हणून युद्ध संपलं की डोंगरात जायचं, माणसं जमवायची, आपला झेंडा लावायचा, असा त्याचा बेत. अप्पांनी त्याला विचारलं होतं, "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर उलटायलास?" कप्तान हसला आणि काहीतरी बोलला. ते मात्र न कळलेल्या निम्म्या भागात गेलं.

पुढं दर वर्षी अप्पा त्या कप्तानाला बढती देत गेले. मी आले तेव्हा तो डोंगरात होता. मला थोरली झाली तेव्हा त्यानं दोन किल्ले घेतले होते. धाकट्याच्या बारशाला तो सगळ्या मुलखाचा पुढारी झालेला होता.

"अप्पा, एवढी खबर तुम्हाला कशी लागते?"

"फौजी माणसाची खबर फौजी माणसाला लागतीच," ते म्हणत आणि मिशी चोळत.

बाकी अप्पा स्वतः पक्के सरकारनिष्ठ. आलाहजरतांच्या, म्हणजे आमच्या राजाच्या, वाढदिवसाला बिल्ले लावून ठाण्यात जात. ठाण्याचे अमीनसाहेब म्हणजे पोलिसांचे मोठे अंमलदार. ते आमच्याच मागच्या गल्लीत राहत. दोघांची मैत्री गुडघ्यांवरची होती. दोघांचेही दुखत. अप्पा निरगुडीचं तेल काढत आणि संध्याकाळी दोघं कट्ट्यावर पाय पसरून, तेल चोळत, एकमेकांच्या चुका काढत बसत.

मग एक दिवस पाट्यांचं प्रकरण झालं. आमचं कापडाचं दुकान. दुकानामागच्या खोलीत आमच्या ह्यांनी मुलांना मराठी-कानडी शिकवायला सुरुवात केली होती. परवानगी मागितली होती, मिळाली नव्हती. वरून हुकूम आला आणि अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन आले. मुलांच्या पाट्या गोळा करून त्यांनी गाडीत घातल्या. अप्पा कट्ट्यावरून बघत होते.

"साहेब, बंदुका सापडल्या का?" त्यांनी विचारलं.

"नक्को मजाक, रिसालदारसाब. पाट्याँ हैं."

"पाट्या?" अप्पा म्हणाले. "रिसाल्यात इतकी वर्सं काढली. पाट्या पकडाय फौज निघालेली कधी बघितली न्हाई."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. "कप्तानाचं असंच झालं हुतं," एवढंच म्हणाले. आणि शाळा त्यांनी हातात घेतली.

पाट्या नाहीत तर नाहीत. अप्पांनी नदीची वाळू आणून परसात पसरली, तीत हातहातभर अक्षरं काढली आणि मुलांना, मागोमाग आम्हा बायकांनाही, अक्षरावरून चालवलं. "अ! लेफ्ट, राइट, गोल फिर, काना!" सासूबाई 'ज्ञ'मध्ये अडकल्या त्या बाहेरच येईनात. अमीनसाहेब चौकशीला आले.

"ये क्या चल रहा है?"

"कवायत."

"कवायतीलाही परवानगी लागते."

"मर्दांच्या. सासवांच्या कवायतीला मनाई कुठं लिव्हलीय, दाखवा."

अमीनसाहेबांनी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी अमीनसाहेबांकडं बघितलं. ते निघून गेले. संध्याकाळी तेल चोळायला आले, पण त्या दिवशी पाठ फिरवून बसले.

बघता बघता आसपासच्या गावांतली माणसं अप्पांकडं यायला लागली. अप्पा पुढारी झाले. भाषण त्यांना जमत नसे. ते सभेला 'सावधान' करत आणि 'विश्राम' म्हणत, मधे दोन वाक्यं. तेवढ्यावर लोक खूश.

देश स्वतंत्र झाला आणि आमचं राज्य अधांतरी राहिलं, त्या साली तिरंगा लावायला मनाई होती. अप्पांनी ठरवलं, झेंडा ठाण्यासमोरच्या कडुलिंबावर चढवायचा. शिवला मी. हिरवं कापड दुकानात संपलेलं, म्हणून सासूबाईंचा नवा खण कापला. चक्र वाटीच्या काठानं निळीत काढलं.

अप्पा निघाले ते चक्क सरकारी गणवेशात. "सलामी देणाऱ्याचे दोन्ही हात बंदुकीत गुततात," त्यांनी आम्हाला समजावलं. झालंही तसंच. रिसालदार बघून पहारेकऱ्यानं खाडकन सलामी दिली. अप्पांनी ती घेतली, 'विश्राम' म्हटलंच नाही, आणि सावकाश झेंडा चढवला. पहारेकरी तसाच ताठ. झेंडा फडकला तशी गर्दीतून सासूबाई ओरडल्या, "अगं बया, माझा खण!"

अमीनसाहेबांनी स्वतः बेड्या घातल्या. अप्पा त्यांना सांगत होते, "ढिली हाय. नीट आवळा. कैदी पळंल." गुलबर्ग्याच्या तुरुंगात नेलं. परत आले तेव्हा निम्मे झाले होते. कोट खांद्यावरून घसरत होता.

अमीनसाहेब तेल चोळायला आले नाहीत. अप्पांनीही बोलावलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि राज्य संपलं. मैदानावर झेंडावंदन ठरलं. मान अर्थात अप्पांचा. मी हार करत होते. एवढ्यात आमचे हे धावत आले. "अप्पा, काठ्या घेऊन माणसं निघालीत. अमीनच्या घराकडं."

अप्पा धोतर नेसून, कोटाच्या एका बाहीत हात घालून उभे होते. दुसरी बाही तशीच लोंबत ठेवून ते चालू लागले. आम्ही मागं. अमीनसाहेबांचं दार आतून बंद होतं. आतून बाईमाणसाच्या रडण्याचा आवाज येत होता. अप्पांनी अंगणातली बाज ओढून दाराला आडवी लावली आणि तिच्यावर बसले.

माणसं आली. काही परगावची, काही आमची ओळखीची. त्यांच्यातला एक पुढं झाला.

"अप्पा, उठा. ह्येनंच तुमाला तुरुंगात घातलं ना?"

"व्हय."

"बेड्या ठोकल्या ना?"

"मला ठोकल्या. तुला ठोकल्या का?"

"न्हाई."

"मग भांडण माजं हाय. तू कामून आलास?"

तो मागं सरला. कोणी मागून ओरडलं, कोणी काठी आपटली. अप्पांनी नजर हलवली नाही. त्यांच्या अंगावर काठी टाकायला कोणी धजेना. हळूहळू माणसं पांगली.

मैदानावरून बोलावणं आलं. लोक खोळंबलेत, म्हणाले. अप्पा म्हणाले, "झेंडा कुणीबी चढवंल. हितं बसाय दुसरं कोण हाय?"

पुढं कितीतरी दिवस ते त्या बाजेवरच राहिले. मी भाकरी नेऊन द्यायची. आतून चहा यायचा, दाराच्या फटीतून. दोघं एकमेकांशी बोललेलं मी ऐकलं नाही. सगळं निवळल्यावर अमीनसाहेबांनी हैदराबादला मुलीकडं जायचं ठरवलं, तेव्हा अप्पा कोट घालून त्यांच्याबरोबर गाडीत बसले आणि मुलीच्या दारात सोडून परत आले.

त्यानंतर गल्लीची तपासणी बंद पडली. सकाळी अप्पा खराटा घेऊन मागच्या गल्लीत जायचे आणि त्या कुलूप लावलेल्या घराचं अंगण झाडायचे. मी एकदा पाण्याला जाताना थांबले.

"अप्पा, येतो म्हणालेत का ते?"

"न्हाई."

ते झाडत राहिले. पाचोळा एका कडेला लोटला आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"पण येणार न्हाई, असंबी म्हणला न्हाई की."