दिगंबर साळिंदराची एका सीटची गाडी

एका जंगलात रस्ता एकच होता आणि गाड्या मात्र बऱ्याच होत्या. त्या जंगलात, मुलांनो, दिगंबर नावाचा एक साळिंदर राहत होता. चुळबुळ थांबवा, म्हणजे त्याची गोष्ट सांगतो.

दिगंबर पाणवठ्याच्या कचेरीत कारकून होता. पाणी प्यायला आधी कोण आणि नंतर कोण, याची यादी तो ठेवत असे. यादीत वाघाचं नाव कायम पहिलं असे. त्यामुळे काम तसं अवघड नव्हतं.

साळिंदरांची एक अडचण असते. अंगावर काटे, त्यामुळे छताच्या गाडीत बसता येत नाही. छत फाटतं. दिगंबरने आणि त्याच्या बायकोने, म्हणजे कुमुदने, जंगलातल्या बसची दोन छतं फाडली होती. तिसऱ्यांदा कंडक्टरने त्यांना चढूच दिलं नाही.

म्हणून एका हिवाळ्यात परदेशातून आलेला एक रोहित पक्षी परत जाताना आपली छोटी उघडी मोटार विकायला निघाला, तेव्हा दिगंबरने ती त्याच दिवशी घरी आणली. गाडी लिंबासारखी पिवळी होती. दारं दोन, सीटा दोन, छत नाही. कुमुदने दोन्ही सीटा वेताने विणून घेतल्या, कारण गादीचं काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. दोन सीटांच्या मधे वीतभर जागा होती. साळिंदरांच्या संसारात ही वीतभर जागा फार मोलाची असते.

दर रविवारी दोघं फिरायला जात. गाडीचं इंजिन लहान होतं, दोनच सिलिंडरचं. सपाट रस्त्यावर ते गुणगुणल्यासारखं चाले. घुबडखिंडीचा चढ लागला की मात्र त्याला धाप लागे. खिंडीच्या वरपर्यंत पोचायला चाळीस मिनिटं लागत. मग वर थोडं थांबून, इंजिन थंड करून, दोघं खाली येत. खिंडीच्या पलीकडे ती गाडी कधी गेलीच नाही. तेवढा दम तिच्यात नव्हता.

एका रविवारी काय झालं, खिंड चढताना रावजी गवा मागून चालत आला. चालत, बरं का. गाडीच्या बरोबरीने येऊन त्याने कुमुदची विचारपूस केली. कुमुदने त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. बरंच बोलणं झालं. मग रावजी म्हणाला, की मला जरा घाई आहे, मी पुढे होतो. आणि तो पुढे गेला.

कुमुदला त्यात काही वाटलं नाही. उलट इतक्या दिवसांनी रावजी भेटल्याचा तिला आनंदच झाला. दिगंबरचे मात्र सगळे काटे उभे राहिले. ते घरी पोचेपर्यंत खाली बसले नाहीत.

आता त्या जंगलात गुरुनाथ नावाचा एक वानर होता. तो झाडावर बसून व्हिडिओ करायचा आणि अख्खं जंगल ते बघायचं. ‘घरच्या घरी विहीर खणा’, ‘घरच्या घरी दात काढा’, असे ते व्हिडिओ असत. दिगंबरला त्यातला एक सापडला: ‘घरच्या घरी इंजिन बदला.’ अकरा मिनिटांचा होता. अकरा मिनिटांत गुरुनाथने जुनं इंजिन काढलं, नवं बसवलं, हात पुसले आणि केळं खाल्लं.

दिगंबरने तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. मग कुमुदला सांगितलं, की चार रविवारांचं काम आहे. कुमुदने विचारलं, की आहे त्या इंजिनाचं काय बिघडलंय. दिगंबर म्हणाला, की बिघडलेलं नाही, तीच तर अडचण आहे. बिघडलं असतं तर दुरुस्त केलं असतं.

नवं इंजिन रावजी गव्याकडेच मिळालं. त्याची एक जुनी जीप गोठ्यामागे गंजत पडली होती. जीप संपली होती, पण चार सिलिंडरचं इंजिन ठणठणीत होतं. रावजीने ते आनंदाने दिलं आणि स्वतः पाठीवर घालून आणूनही टाकलं.

जांभळाच्या फांदीला साखळी आणि कप्पी बांधून दिगंबरने जुनं इंजिन वर उचललं. ते सुटून आलं तेव्हा त्याला फार बरं वाटलं. पोत्यावर ठेवलेलं ते इंजिन एवढंसं दिसत होतं, की याच्या जिवावर आपण इतकी वर्षं फिरलो याची त्याला लाजच वाटली. मग त्याने नवं इंजिन फांदीला टांगलं आणि हळूहळू खाली सोडलं.

ते बसलं नाही. वीतभर लांब होतं.

गुरुनाथच्या व्हिडिओत हे नव्हतं. दिगंबरने तो पुन्हा नीट पाहिला. त्यात गुरुनाथची गाडी सुरुवातीला निळी होती आणि शेवटी हिरवी.

पण दिगंबर मागे हटणारा नव्हता. त्याने इंजिनामागचा पत्रा कापला. इंजिन बसलं, पण बॉनेट लागेना. बॉनेटला भोक पाडलं. मग मोठ्या इंजिनाला जुना रेडिएटर पुरेना. मोठा रेडिएटर आणला, तर पुढचे दिवे आडवे आले. दिवे काढून मडगार्डवर लावले. जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनाच्या ताकदीपुढे टिकणार नव्हता, म्हणून जीपचा गिअरबॉक्स आणला. तो रुंद होता. त्याला जागा करून देण्यात दोन सीटांमधली वीतभर जागा गेली.

अशात चार नाही, चाळीस रविवार गेले.

या सगळ्या काळात कुमुद शेजारी बसून बोल्ट आवळायचे पाने द्यायची. पहिल्या महिन्यात दिगंबर ‘तो चपटा दे’, ‘तो वाकडा दे’ असं म्हणायचा. तिसऱ्या महिन्यात नुसता हात पुढे करायचा आणि हवा तो पाना हातात पडायचा. सहाव्या महिन्यात असं व्हायला लागलं, की त्याने दहाचा मागितला तर कुमुद बाराचा द्यायची आणि बाराचाच बरोबर बसायचा. दिगंबरला वाटायचं, आपला हात आता चांगला बसला.

मग सायलेन्सरची पाळी आली. नवा सायलेन्सर जाड होता. तो मागे नेला तर पेट्रोलच्या टाकीला चिकटत होता. तापलेला सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी शेजारी शेजारी असू नयेत, एवढं तुम्हालाही कळतं. दिगंबरलाही कळलं. टाकी हलवायला हवी होती. त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. गाडीत टाकीएवढी मोकळी जागा एकच होती, आणि ती मोकळी नव्हती.

संध्याकाळी त्याने कुमुदपुढे विषय काढला. बराच वेळ वजनाचं, तोलाचं, हवेच्या दाबाचं सांगितलं. शेवटी म्हणाला, “तुझी सीट तात्पुरती काढावी लागेल.”

कुमुद तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“तात्पुरती म्हणजे किती दिवस?”

“एकदा सगळं जमलं की टाकी दुसरीकडे नेतो.”

“दुसरीकडे कुठे?”

दिगंबर पुन्हा हवेच्या दाबावर आला. कुमुदने तांदूळ निवडून संपवले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच चार बोल्ट सोडले, आपली वेताची सीट काढली आणि ओसरीवर नेऊन ठेवली. तिथे बसायला ती बरी होती. दिगंबरला जरा चुटपुट लागली. पण टाकी त्या जागी इतकी नेमकी बसली, की तो ती चुटपुट विसरला.

त्यानंतर कुमुद पाने द्यायला येईनाशी झाली. ती गोदाक्काकडे जायला लागली. गोदाक्का म्हणजे अस्वलीण. ओढ्याकाठी तिची पिठाची गिरणी होती, पाण्याच्या चाकावर चालणारी. त्या वर्षी ओढा लवकर आटला आणि चाक थांबलं. एकवीस घरांचं दळण अडलं. गोदाक्का बसून रडायची आणि न दळलेले दाणे तसेच खायची.

कुमुदने चाकाकडे पाहिलं. पट्ट्याकडे पाहिलं. मग घरी येऊन दिगंबरला विचारलं, की ते जुनं इंजिन तुम्हाला लागणार आहे का. दिगंबर गाडीखाली होता. तो म्हणाला, की घेऊन जा, अडगळ आहे नुसती.

गोदाक्काने ते काखेत मारून नेलं. तीन दिवसांत कुमुदने ते गिरणीला जोडलं. काही कापावं लागलं नाही. चौथ्या दिवशी एकवीस घरांत भाकऱ्या झाल्या. दिगंबरच्याही घरी झाल्या. त्याने दोन खाल्ल्या आणि रेडिएटरबद्दल बोलत राहिला.

आणि मग, मुलांनो, सोळाव्या महिन्यात गाडी तयार झाली.

ती फारच देखणी झाली होती, हे मान्य करायला हवं. नाक लांब, दिवे बाहेर आलेले, मागे जाड सायलेन्सर. दिगंबरने किल्ली फिरवली तेव्हा झाडावरचे पोपट एकदम उडाले. शेजारच्या भेकराने कानांवर पाय ठेवले. दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या कुणी हे काम करून दिलं असतं तर आलं नसतं. प्रत्येक बोल्ट त्याने आवळला होता, निदान त्याला तसं वाटत होतं.

तो खिंडीकडे निघाला. चढ आला. गाडीने त्या चढाला जुमानलंच नाही. रावजी गवा वाटेत उभा होता. दिगंबरने हात वर केला, पण हात वर होईपर्यंत रावजी मागे गेला होता. चार मिनिटांत गाडी खिंडीच्या माथ्यावर होती. आधी चाळीस, आता चार.

दिगंबरने गाडी थांबवली. खाली सगळं जंगल पसरलं होतं. पळस फुलले होते. त्याचा ऊर भरून आला आणि तो डावीकडे वळून म्हणाला, “बघितलंस?”

डावीकडे पेट्रोलची टाकी होती.

 मग त्याने गाडी वळवली आणि सरळ गिरणीवर गेला.

कुमुदच्या काट्यांवर पीठ साचलं होतं. ती म्हातारी दिसत होती आणि छानही दिसत होती. दिगंबरने तिला सगळं सांगितलं. चार मिनिटांचं सांगितलं, टाकीचंही सांगितलं. म्हणाला, की माझं चुकलं. मी सगळं पूर्वीसारखं करतो. जुनं इंजिन परत बसवतो म्हणजे टाकी मागे जाईल, तुझी सीट जागेवर येईल.

कुमुदने गिरणीकडे बोट दाखवलं. इंजिन गुणगुणत होतं. बाहेर एक ससा, दोन सांबरं आणि एक रानडुक्कर डबे घेऊन रांगेत उभे होते.

“आणि यांचं दळण?” ती म्हणाली.

दिगंबरने रांगेतले डबे मोजले. मुलांनो, तुम्हाला वाटेल, आता कुमुद त्याला माफ करील, दोघं हात धरून पायी खिंड चढतील आणि गोष्ट संपेल. मलाही तसंच वाटलं होतं.

कुमुदने अंगावरचं पीठ झटकलं आणि हात पुढे केला. “किल्ली द्या. एकदा बघून येते.”

दिगंबर सांगायला लागला, की क्लच जड आहे, दुसरा गिअर अडकतो. कुमुद म्हणाली, की दुसरा गिअर अडकत नाही, तुम्ही तो घाईने टाकता. मग ती गाडीत बसली. सीट तिच्या मापाला थोडी पुढे घेतली. आरसा फिरवला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि आवाज बराच वेळ येत राहिला.

गोदाक्काने दिगंबरच्या हातात रावजीच्या घरचा ज्वारीचा डबा दिला. आलाच आहेस तर ओत, म्हणाली.

चार मिनिटं झाली. चाळीस झाली. दिगंबरने पाच घरांचं दळण केलं. दर डब्यानंतर तो बाहेर येऊन रस्ता बघायचा. गाडी दरीत गेली असेल, टाकीने पेट घेतला असेल, असे नाही नाही ते विचार त्याच्या मनात आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या इंजिनाची भीती वाटली.

ऊन उतरल्यावर कुमुद आली. वाऱ्याने तिच्या काट्यांतलं सगळं पीठ उडून गेलं होतं. डोळे चमकत होते.

“पलीकडे तळं आहे,” ती म्हणाली. “एवढं मोठं. कमळं आहेत त्यात. आपल्याला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.”

“तू खिंडीच्या पलीकडे गेलीस?”

“चढ चार मिनिटांत संपला. मग परत कशाला फिरायचं?”

दिगंबरने हातातला डबा खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “मला दाखवशील?”

कुमुदने गाडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू.

“सीट एकच आहे हो,” ती म्हणाली. “पण आल्यावर सगळं नीट सांगत जाईन.”

आणि ती सांगते. दर रविवारी कुमुद तळ्यावर जाते. दर रविवारी दिगंबर गिरणी सांभाळतो. ती आली की दोघं ओसरीवर बसतात, ती वेताच्या सीटवर आणि तो पायरीवर, आणि तो एकेक कमळाची चौकशी करतो.

तात्पर्य: परीक्षेत विचारलं तर ‘आहे त्यात समाधान मानावे’ असं लिहा, पूर्ण गुण मिळतील. पण तुमच्यातल्या मुलींसाठी खरं तात्पर्य वेगळं आहे. नवऱ्याला इंजिन खुशाल बदलू द्यावं. पत्रा कापू द्यावा, सीट काढू द्यावी, मधे बोलू नये. फक्त शेजारी बसून पाने देत जावेत. मुलांनी एवढंच करावं, की सीट काढण्याआधी उरलेली सीट पुढेमागे सरकते का ते बघून घ्यावं. सरकत असेल तर ती तुमची नाही.